मांडवीचं दार आणि त्याचा राखणदार

गोव्याला जाऊन आलेल्या कुणाचाही अल्बम उघडा, आग्वादचा दीपस्तंभ त्यात असतोच. दोनचार फोटो मिरामारच्या वाळूत, एखादा मांडवीतल्या बोटीवर. पण त्याच बोटीवरून पणजीच्या अगदी समोर, पलीकडच्या टेकडीवर एक छोटा, तांबूस, नीटनेटका किल्ला दिसतो. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक पांढरं चर्च उभं आहे. हा किल्ला फोटोत बहुतेक वेळा मागे, अर्धवट, कुणाच्या तरी डोक्याआडून डोकावतो. हा रेईश मागूशचा किल्ला. पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी ‘रेईस मागोस’ असंही येतं. अर्थ ‘तीन राजे’. बेथलेहेमला बाळ येशूला भेटायला गेलेले ते तीन ज्ञानी राजे. शेजारचं चर्च त्यांच्या नावाचं, आणि चर्चवरून किल्ल्याचं नाव पडलं. दर वर्षी ६ जानेवारीला तिथे या तीन राजांचं फेस्त असतं.

गोव्याचा विषय निघाला की आमच्या नात्यातली वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. “अरे, फिरंग्यांनी बांधलेले किल्ले आपण कशाला जपायचे? आपले गड ढासळताहेत, त्यांचं बघा की!” प्रश्न चुकीचा नाही. गडांची अवस्था आपण सगळेच बघतो. पण माझ्यापुरतं उत्तर मला याच छोट्या किल्ल्यापाशी सापडलं. ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून हा लेखप्रपंच. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी जागा समजून घेऊ. मांडवी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला आग्वादचं टोक आणि दक्षिणेला काबोचं टोक, जिथे आज राज्यपालांचं निवासस्थान आहे. या दोन टोकांमधलं पाणी चांगलं रुंद आहे. आत शिरलं की नदी आवळत जाते, आणि डावीकडच्या तीरावर ती सगळ्यात अरुंद होते तिथे रेईश मागूशची टेकडी पुढे येते. पोर्तुगीजांची राजधानी पणजी नव्हती, ती नदीतून आणखी वर, आपण ज्याला आज ‘ओल्ड गोवा’ म्हणतो तिथे होती. लिस्बनहून आलेल्या प्रत्येक जहाजाला या टेकडीखालून जावंच लागे. टेकडीवर तोफा ठेवल्या की दाराला कडी लागली. टेकडीवर किल्ल्याच्या आधी आदिलशाहीची चौकी होती असं सांगतात. जागेची किंमत त्यांनाही कळत असणारच.

पोर्तुगीजांना ही किंमत फार वाईट रीतीने कळली होती. अल्बुकर्कने १५१० च्या सुरुवातीला गोवा घेतलं, ते टिकलं जेमतेम तीन महिने. मे महिन्यात आदिलशाही फौज परत आली आणि अल्बुकर्कला आपली माणसं घेऊन जहाजांवर पळावं लागलं. पळाला, पण जाणार कुठे? पावसाळा तोंडावर आला होता. कोकणातल्या कुणालाही विचारा, आगोटीनंतर खाडीचं तोंड म्हणजे काय असतं ते. मुखाशी वाळूचा दांडा, त्यावर फुटणाऱ्या लाटा, बाहेर उधाणलेला समुद्र. जहाजं ना बाहेर जाऊ शकत, ना आत. पणजीच्या बाजूने आदिलशाही तोफा मारा करताहेत, आणि हे लोक ऑगस्टपर्यंत नदीत अडकून पडलेले. खायला उरलं नाही तेव्हा उंदीर आणि चामडंसुद्धा शिजवून खाल्लं, असं त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलंय. ऑगस्टमध्ये सुटले आणि २५ नोव्हेंबरला परत येऊन त्यांनी गोवा पुन्हा घेतलं. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली तीही त्यांच्याच कागदांत आहे.

दोन तीरांमध्ये सापडलेलं माणूस काय भोगतं हे ज्यांनी असं अनुभवलं, त्यांनी पुढे दोन्ही तीर आपल्या हातात ठेवायचं ठरवलं तर नवल नाही. १५५१ मध्ये व्हाइसरॉय आफोंसो द नोरोन्याच्या काळात रेईश मागूशचा किल्ला उभा राहिला. चारच वर्षांनी, १५५५ मध्ये, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी शेजारी चर्च बांधलं. चर्चच्या पायऱ्यांपाशी दगडी सिंह आहेत. ते आधीच्या एखाद्या देवळाचे असावेत असं मानतात. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय शहरात वाजतगाजत प्रवेश करण्याआधी इथे मुक्काम करी, आणि परत जाणाराही जहाज सुटेपर्यंत इथेच थांबे. येणाऱ्या-जाणाऱ्या सत्तेची ही ओसरीच म्हणा ना!

पुढे समोरच्या तीरावर, आजच्या मिरामारच्या बाजूला, गास्पार दियश नावाचा किल्ला झाला. ज्याच्या जमिनीवर बांधला त्याचंच नाव त्याला पडलं म्हणतात. १६१२ मध्ये बाहेरच्या टोकाला आग्वाद पुरा झाला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. तिथल्या झऱ्याचं गोडं पाणी जहाजं भरून घेत, म्हणून आग्वाद. रेईश मागूशची १७०७ मध्ये मोठी पुनर्बांधणी झाली. आज आपण बघतो तो जांभ्याचा, तिरक्या तटांचा, कोपऱ्यांवर टोपीसारखे पहाऱ्याचे मनोरे असलेला किल्ला बराचसा त्या वेळचा. बाहेर आग्वाद आणि काबो, आत रेईश मागूश आणि गास्पार दियश. दार, कडी, कुलूप, सगळं तयार.

आता गंमत बघा. इतका बंदोबस्त केलेल्या या दारातून तोफा झुगारून कुणी आत आला का?

मी इतिहास संशोधक नाही, पण हा प्रश्न डोक्यात ठेवून वर्षं मांडत गेलो आणि यादी बघून मजा वाटली.

१५७०-७१. अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. चांगला दहा महिने चालला. तो आला जमिनीकडून, पूर्वेकडून. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या किल्ल्याची सगळी लढाई पाठीमागे. हा वेढा ज्याने परतवला त्या व्हाइसरॉय लुईश द आताईदची समाधीशिला शेजारच्या चर्चमध्ये आहे.

मग डच, म्हणजे आपले वलंदेज. ते मात्र समुद्राकडून आले. १६३७ ते १६४४ या काळात जवळजवळ दर वर्षी पाऊस संपला की त्यांची जहाजं मुखाबाहेर येऊन उभी राहायची, आणि पुन्हा पावसाळा जवळ आला की निघून जायची. आत शिरायची त्यांना गरजच नव्हती. ज्या हंगामात जहाजं बाहेर पडू शकतात नेमक्या त्याच हंगामात ते दाराबाहेर बसून राहिले. उरलेले महिने समुद्रच दार बंद ठेवायचा. तोफेच्या टप्प्याबाहेर बसलेल्या माणसाचं किल्ला काय करणार? व्यापार त्यातच खंगला. १६५० च्या दशकाच्या शेवटी हे सगळं पुन्हा झालं.

१६८३. संभाजी महाराज. आपल्याकडे ही मोहीम सगळ्यांना थोडीफार माहीत असते. नोव्हेंबरच्या एका रात्री मराठ्यांनी जुवें बेट घेतलं. हे बेट मुखाजवळ नाही, मांडवीत वरच्या अंगाला, राजधानीच्या जवळ आहे. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून गेला आणि जीव वाचवून कसाबसा परतला. त्याच्या मागे संभाजी महाराजांनी घोडा पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळांनी लगाम धरून त्यांना वाचवलं, ही कथा आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. ते पाणी मांडवीचं. शहरात इतकी घबराट झाली की व्हाइसरॉयने सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला. त्यानंतर मराठे साष्टीत आणि बार्देशात शिरले. शहाआलमची मुघल फौज कोकणात उतरली म्हणून त्यांना मागे फिरावं लागलं, एरवी गोव्याचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. या सगळ्या धामधुमीत खाडीच्या तोंडावरच्या तोफा समुद्राकडे बघत होत्या.

१७३९. चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला होता, आणि गोव्याहून वसईला कुमक जाऊ नये म्हणून पेशव्यांच्या बाजूने व्यंकटराव घोरपडे साष्टीत उतरले, मडगाव घेतलं. उत्तरेकडून वाडीकर सावंत बार्देशात आले. बार्देश म्हणजे रेईश मागूशच्या पाठीमागचा सगळा मुलूख. तो बघता बघता गेला. उरले फक्त दोन किल्ले, आग्वाद आणि रेईश मागूश. दोन वर्षं हे दोन किल्ले परमुलखात अडकलेल्या बेटांसारखे उभे राहिले. मे १७३९ मध्ये वसई पडली. पुढच्या वर्षी तह झाला, त्यात चौल आणि कोरलई गेले. १७४१ मध्ये मार्केश द लोरिसाल नवा व्हाइसरॉय म्हणून ताजी फौज घेऊन आला तेव्हा कुठे बार्देश पोर्तुगीजांना परत मिळाला.

हे दोन किल्ले का टिकले असतील? त्यांची पाठ बार्देशाकडे होती आणि पाठीमागचं सगळं गेलं होतं. पण तोंड पाण्याकडे होतं, आणि पाणी अजून पोर्तुगीजांचं होतं. दाणागोटा, दारूगोळा, माणसं, पलीकडच्या तीरावरून होडीने आणता येत होती. जमिनीकडून कितीही आवळलं तरी पाण्याकडचा श्वास चालू. वाडीकरांकडे मांडवी अडवण्याइतकं आरमार असतं तर गोष्ट निराळी झाली असती. आपण म्हणतो हा किल्ला नदी राखायला बांधला. मला तर उलटच वाटतं. त्या दोन वर्षांत नदीनेच किल्ला राखला.

यादी अजून संपलेली नाही. १७९९ मध्ये इंग्रज आले, तेही मित्र म्हणून. टिपू आणि फ्रेंचांची भीती पुढे करून त्यांनी गोव्याच्या किल्ल्यांवर आपली पलटण ठेवली, त्यात रेईश मागूशही होता. १८१३ पर्यंत ते राहिले. एक गोळी न झाडता कुलपाची किल्ली पाहुण्याच्या खिशात! दोना पावलाला त्यांची दफनभूमी अजून आहे.

आणि १८३५. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांची सरशी झाली आणि बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा अस्सल गोमंतकीय माणूस गोव्याचा प्रमुख नेमला गेला. साडेचारशे वर्षांच्या राजवटीत हा एकच. जानेवारी १८३५ मध्ये त्याने सूत्रं घेतली आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोच लष्करातल्या गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या अधिकाऱ्यांनी त्याला उलथवलं. तो मुंबईला गेला, तिथून परत येण्याची खटपट करत राहिला. मे महिन्यात त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गास्पार दियशमधल्या सैनिकांची कत्तल झाली. किल्ला जळाला. मांडवीच्या मुखाशी रक्त सांडलं ते असं, परकी जहाजं आत येताना नाही, तर घरच्याच दोन गटांत.

गास्पार दियश पुढे नाहीसाच झाला. आज तुम्ही मिरामारला जा. टेनिस क्लबच्या नावात तेवढा गास्पार दियश शिल्लक आहे. भेळ खाणाऱ्या, वाळूत किल्ले करणाऱ्या हजारो माणसांतल्या कुणालाही सांगता येणार नाही की इथे एक खरा किल्ला होता आणि त्यात आपल्याच माणसाच्या बाजूने उभे राहिलेले लोक मारले गेले. त्यात त्यांचा दोष नाही. दाखवायला दगडच नाही, तर सांगणार काय आणि कुणाला?

समोरच्या तीरावरचा जोडीदार मात्र राहिला. का राहिला, तर तुरुंग म्हणून कामाला आला म्हणून. समुद्राकडून कुणी येणार नाही हे कळल्यावर किल्ल्याचं तोंड आत वळलं. ज्या भिंती बाहेरच्याला थोपवायला बांधल्या होत्या त्या आतल्याला कोंडायला वापरल्या. आग्वादचंही तेच. सप्टेंबर १९४६ मध्ये राममनोहर लोहिया दुसऱ्यांदा गोव्यात आले तेव्हा त्यांना आग्वादमध्ये ठेवलं. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हांना आग्वादमध्ये ठेवून पुढे थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. रेईश मागूशच्या कोठड्यांतही स्वातंत्र्यासाठी उभे राहिलेले लोक होते.

किल्ल्याच्या टेकडीला लागूनच बेती गाव आहे, पणजीहून फेरीबोट लागते ते. २६ ऑक्टोबर १९५५ ला आझाद गोमंतक दलाच्या मोहन रानड्यांनी बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला. गोळी लागून ते पकडले गेले. हे रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात शिक्षक म्हणून राहिले होते. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० मध्ये त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेलं. हा काशियससुद्धा किल्लाच, आणि तोही नदीच्या मुखाशी, तेजू नदीच्या! मांडवीच्या मुखावरून उचललेला माणूस तेजूच्या मुखाशी कोंडला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी रानडे आतच. त्यांच्या सुटकेसाठी आपल्या सुधीर फडक्यांनी, होय, बाबूजींनीच, किती धावपळ केली ते जुन्या मंडळींना आठवत असेल. अण्णादुराईंनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्तीनंतर सात वर्षांनी, रानडे सुटले. २०१९ मध्ये ते गेले.

आणि १९६१ चा डिसेंबर. आपलं सैन्य कुठून आलं? उत्तरेकडून, जमिनीवरून. १८ तारखेच्या संध्याकाळी ते बेतीला, म्हणजे रेईश मागूशच्या पायथ्याशी येऊन थांबलं, कारण मध्ये मांडवी होती. आग्वादमधल्या कैद्यांना सोडवायला गेलेल्या तुकडीवर गोळीबार झाला, त्यात मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल कामी आले. १९ च्या सकाळी जवान नदी ओलांडून पणजीत शिरले. म्हणजे किल्ल्याच्या आयुष्यातली शेवटची लढाईही त्याच्या पाठीमागूनच आली, आणि त्या रात्रीपुरतं का होईना, आपल्या सैन्याला थांबवलं ते मांडवीने. किल्ल्याने नाही.

गोवा मुक्त झाल्यावरही रेईश मागूश तुरुंगच राहिला, थेट १९९३ पर्यंत. मग कैदी हलवले आणि किल्ला ओस पडला. कोकणात ओस पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दोन पावसाळ्यांत जांभ्यातून पिंपळ डोकं काढतो, चार पावसाळ्यांत छप्पर बसतं. रेईश मागूशही गास्पार दियशच्या वाटेला लागला होता. पण २००८ च्या सुमारास इन्टॅक, गोवा सरकार आणि इंग्लंडचा हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांनी मिळून काम हातात घेतलं. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा. या सगळ्यासाठी ज्यांनी जीव लावला त्यांत आपले मारिओ मिरांडा होते. २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. मारिओ काही महिने आधी, डिसेंबर २०११ मध्ये गेले होते. ज्या खोल्यांत कैदी होते तिथे आता त्यांची चित्रं लागली आहेत. पाद्री, बाजारातल्या बायका, बसमधली गर्दी, पोट सुटलेले साहेब, सगळा गोवा तिथे हसतोय. दुसऱ्या दालनात स्वातंत्र्यसैनिकांची माहिती आहे. एकाच छपराखाली दोन्ही आहे हे मला फार योग्य वाटतं.

आता पुन्हा त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. फिरंग्यांचा किल्ला आपण का जपायचा?

माझं उत्तर असं. तो आता फिरंग्यांचा राहिलेलाच नाही. त्यांनी बांधला खरा, पण जांभा इथला, आणि तो घडवणारे पाथरवट, गवंडी बहुतेक इथलेच असणार. त्याच्याभोवती जे घडलं ते आपलं आहे. जुव्याचं पाणी, वाडीकरांचा वेढा, बेतीची चौकी, कोठडीतली माणसं. हा इतिहास पुस्तकातून सांगता येतो, नाही असं नाही. पण दहा वर्षांच्या पोराला तटावर उभं करून “तो बघ पणजी, ही बेती, इथून सैन्य आलं, आणि या खोलीत त्यांना कोंडलं होतं” असं सांगणं निराळं. पोर्तुगालने पेनिशच्या किल्ल्याचं हेच केलं. जिथे सालाझारचे विरोधक आणि आपले कुन्हा कोंडले होते तिथे आज प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आग्वादच्या तुरुंगातही २०२१ पासून संग्रहालय झालं आहे.

आणि किल्ला जपला नाही तर काय होतं हेही नदीच्या पलीकडे दिसतंच आहे. गास्पार दियश परक्यांचा म्हणून गेला असं नाही. त्याच्याबरोबर १८३५ ची आपली माणसंही गेली. त्यांची एक ओळ कुठे लिहायची म्हटली तर भिंत नाही.

आपल्या गडांकडे दुर्लक्ष होतं हे शंभर टक्के खरं. पण हा जपला म्हणून तो ढासळत नाही. उलट हे काम बघून निदान एवढं तरी कळतं, की पिंपळ माजलेल्या जांभ्याच्या भिंतीही नेट लावला तर चार वर्षांत उभ्या करता येतात.

असो. फार लिहिलं. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेतीला उतरा आणि टेकडी चढा. पोरं बरोबर असतील तर मारिओची चित्रं आधी दाखवा, म्हणजे ती कंटाळणार नाहीत. मग तटावर जाऊन समुद्राकडे बघून झालं की मागे वळून बार्देशाकडेही बघा. सगळे तिकडूनच आले होते.